नानांचं डोकं आणि आबांची गटारं

काय सांगू तुम्हाला, लोकांचे घोळ लग्नमांडवात होतात. मी लग्नाआधीच सासऱ्याचं डोकं कापून बसलो. तेही कात्रीने, सकाळी सकाळी, वाचनालयाच्या टेबलावर. घाबरू नका, चहा घ्या. सगळं सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोंडाईच्याला एका वाचनालयात मी हंगामी कारकून होतो. दाराशी मोठा फळा होता, वर लिहिलेलं ‘आजचं वाचनीय’. वर्तमानपत्रांतली चांगली कात्रणं निवडायची आणि टाचण्यांनी तिथे लावायची, हे काम माझं. मिरची घेऊन बाजारात आलेली माणसं आत येऊन पेपर उघडत नसत, फळा वाचून निघून जात. म्हणजे गावाने काय वाचायचं ते मी ठरवायचो. मिशी नुकती फुटलेली आणि हातात एवढी सत्ता. डोक्यात हवा जाणार नाही तर काय होणार?

पण सत्तेमागून तक्रारी आल्या. धुळ्याचंच लावतो, जळगावचं लावत नाही. कविता फार, बाजारभाव कमी. एकाने तर सूचनापेटीत चिठ्ठी टाकली, ‘या फळ्यावर वशिला चालतो.’

आमचे अध्यक्ष आबा. रिटायर हेडमास्तर, आवाज अजून शाळेतलाच. त्यांनी मला समोर उभं केलं.

“रविवारी कमिटीत तुला कायम करायचा विषय आहे. निवड कशी पाहिजे? तराजूसारखी. सोयरा नाही, धायरा नाही. आणखी एक तक्रार आली तर माझ्याकडे बघू नकोस.”

मी तिथेच कानाला खडा लावला. कारण जाणार ती नुसती नोकरी नव्हती, तिच्यामागे बायकोही जाणार होती. शिंदखेड्याजवळच्या एका गावातल्या नानांच्या सुमनशी माझी सुपारी फुटली होती. तारीख मात्र नानांनी राखून ठेवलेली. “कायम व्हशी तवय तारीख,” एवढं अहिराणीत बोलून ते पानाला चुना लावायला लागले होते.

मग मी असा निःपक्षपाती झालो की विचारू नका. मित्राची कविता लावली नाही, त्याने बोलणं टाकलं. मामाच्या पतपेढीची बातमी लावली नाही, मामीने सणाला बोलावणं बंद केलं. फळ्यासमोर कुणी जरा जास्त वेळ उभा राहिला की मी सूचनापेटीजवळ जाऊन उभा राहायचो. हा चिठ्ठी टाकणार, नक्की टाकणार.

शुक्रवारी सकाळी आबाच आले. गावातल्या तुंबलेल्या गटारांवरचं त्यांचं पत्र त्या दिवशीच्या पेपरात छापून आलं होतं.

“लावच असं मी म्हणत नाही,” आबा म्हणाले. “निवड तुझी. पण संध्याकाळी कमिटीची माणसं येतील, त्यांच्या नजरेस पडलं तर बरं.”

आता याला वशिला म्हणायचा का? तुम्ही म्हणाल. मी कसा म्हणू?

आमच्याकडे दोन नियम होते. कात्रण कालच्या पेपरातून कापायचं, कारण आजचा वाचकांना लागतो आणि प्रत एकच येते. आणि कापण्याआधी पान उलटून बघायचं, कारण पुढचं वाचवताना मागचं मरतं. मी धांदलीत दोन्ही नियम मोडले आणि गटारं फळ्यावर नेऊन टोचली.

दुपारच्या आत पॅसेंजरने नाना हजर. सोबत एक पाहुणे.

“जावाईबापू, आजना पेपर दखाडा. मना फोटो येल शे.”

कृषी प्रदर्शनात नानांच्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्यांच्या गावात पेपर एसटीने उशिरा पोचायचा, तेवढा दम कुणाला होता?

नानांनी पान उघडलं. पानाला खिडकी पडलेली. तिच्यातून नाना मला दिसले आणि मी नानांना. खिडकीच्या खालच्या कडेला बैल शाबूत, त्याची वेसण धरलेला हात शाबूत, धोतरही शाबूत. छातीच्या वर काही नाही.

“बैल शे,” नाना सावकाश म्हणाले. “मी कोठे शे?”

पाहुणे खाकरले. “पोर देवानी का नही, इचार करा नाना.”

मी स्टेशनच्या स्टॉलवर धावलो, सगळ्या प्रती संपलेल्या. परत येऊन आबांचं कात्रण काढलं आणि उलटं करून टोचलं. फेट्यासकट नाना फळ्यावर झळकले. ते खूश झाले, पण फळ्यासमोरून हलेनात. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवत होते. असे ते संध्याकाळपर्यंत उभे, आणि मग कमिटीला घेऊन आबा आले.

“माझं पत्र कुठे आहे?”

“आहे ना, आबा. या फोटोच्या मागे.”

“आणि हे कोण?”

“सासरे,” मी म्हणालो. “होणारे.”

“सोयऱ्यासाठी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंस?”

“आनि तुमना कागदसाठे यानी मनं डोकं कापं, ते?” नाना गरजले.

भीतीने माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. मी कात्रणाला दोरा बांधला, टेबलावर चढलो आणि ते खोलीच्या मधोमध पंख्याच्या बुडाला टांगलं. पंखा हळूच सुरू केला. कात्रण गरगरू लागलं. घटकेत गटारं, घटकेत नाना. दोघांना अगदी सारखा न्याय.

“हळू करा हो, दुसरी ओळ निसटते,” कमिटीतले एक म्हणाले.

मी पंखा बंद केला. कात्रण थांबलं ते गटारं दाराकडे करून. नानांनी हळूच फुंकर मारली, नाना दाराकडे आले. आबांनी पलीकडून फुंकली. दोन वयस्क माणसं गाल फुगवून एका कागदावर फुंकतायत आणि कमिटी बघतेय. शेवटी दोघांना धाप लागली, ते एकाच बाकावर टेकले.

“बैल कुठून घेतला?” आबांनी विचारलं.

“घरना शे. तुमनी गटार कधीपासून तुंबेल शे?”

जमलं म्हणायचं. अर्ध्या तासात दोघांचं माझ्याबद्दल एकमतही झालं.

“पोऱ्या वाईट नही,” नाना म्हणाले. “पन याले एक बाजू धरता येत नही.”

“कायम करू त्याला,” आबा म्हणाले. “फळा मात्र याच्या हाती नको.”

मी कायम झालो, लग्नही झालं. आणि फळा कुणाकडे गेला म्हणता? सुमनकडे. बिनपगारी का होईना, तिने तो हौसेने घेतला. पहिल्याच आठवड्यात डोकं धडाला चिकटवून अख्खे नाना बैलासकट लावले, मग भावाच्या कबड्डीची बातमी, मग मावशीची पाककृती. मी धास्तावून रोज सूचनापेटी उघडायचो. पेटी रिकामी. न राहवून एका जुन्या वाचकाला विचारलं, आता तक्रार कशी नाही?

“लेक आहे, बापाचं लावणारच,” तो म्हणाला. “तुझं कळायचं नाही, कुणाचं का लावलंस ते.”

पुढे माझं पत्र छापून आलं, जन्मातलं पहिलं. विषय काय, तर निवडीतला निःपक्षपातीपणा. सुमनने ते नीट वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

“घरच्या माणसाचं कसं लावू? लोक काय म्हणतील?”