उलटं चित्र आणि दळवीसाहेबांचं जाकीट

ड्रिल मशीनचा प्लग बोर्डात गेला तशी मी कॅमेऱ्याला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "आधी माझ्या हाताला भोक पाडा, मग ह्याला."

सुतार बिचारा थांबला. त्याने दळवीसाहेबांकडे बघितलं. दळवीसाहेब म्हणजे मुलुंडच्या त्या छोट्या म्युझियमचे सेक्रेटरी. जुन्या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन ही त्यांचीच आयडिया. माझं घाटकोपरला कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान, म्हणून सगळे कॅमेरे साफ करून मांडायचं काम माझ्याकडे आलं होतं. पाचला उद्घाटन होतं आणि साडेतीन वाजून गेले होते.

भांडण एकाच कॅमेऱ्यावरून. मोठा सागवानी खोका, पुढे लेन्स, मध्ये चामड्याचा भाता. वाजवायच्या पेटीचा असतो ना, तसाच, पुढेमागे सरकणारा. मागच्या बाजूला घासून दुधाळ केलेली काच. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घ्यायचा आणि त्या काचेवर चित्र बघून फोकस लावायचा. मूळ काच फुटली होती. नवी मी चार दिवस बसून हाताने घासली. खांदे भरून आले. सकाळी दळवीसाहेब हौसेने कापडात शिरले आणि लगेच बाहेर आले.

"अहो मॅडम, चित्र उलटं दिसतंय!"

"उलटंच दिसणार साहेब. वरून आलेला उजेड लेन्समधून खाली जातो, खालून आलेला वर. ह्या कॅमेऱ्यात असंच असतं."

"पाहुणे हसतील. रिपेअर करून आणला आणि डोकं खाली, पाय वर?"

मी तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, आत आरसा बसवला की सुलटं दिसतं. आरसा बसवायचा तर खोका कापावा लागणार. म्हणून हा सुतार.

कॅमेरा म्युझियमचा असता तरी मी भांडले असते. पण तो होता माझ्या दुकानात येणाऱ्या लक्ष्मीकाकींचा. त्यांच्या यजमानांचा भांडुपला फोटो स्टुडिओ होता. यजमान गेले, स्टुडिओ गेला, हा खोका तेवढा राहिला. काकी तो द्यायलाच तयार नव्हत्या. मी शब्द दिला होता, "काकी, एक खिळासुद्धा लागणार नाही. दिला तसा परत आणीन." त्या शब्दावर त्यांनी दिला. आता हा माणूस त्यात करवत घालणार? मला असा संताप आला होता की बस्स.

"मॅडम, प्रदर्शन माझं आहे," साहेब म्हणाले.

"आणि शब्द माझा आहे. हलणार नाही मी."

तेवढ्यात काकीच आल्या. पाचचं बोलावणं, पण कॅमेरा नीट आहे ना बघायला त्या लवकर निघाल्या होत्या. ड्रिल बघून दारातच थबकल्या आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या,

"काय चल्लाहा गो?"

मी सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, हसल्या. "उलटा दिसता म्हणान भोक? आवशीक खाव! साहेबा, उबो रव रे हयसर, खिडकीकडे."

साहेब गोंधळून उभे राहिले. काकींनी पदर खोचला, कापड डोक्यावर घेतलं, भाता दोन बोटं सरकवला. स्टुडिओत बायकांचे फोटो काकीच काढायच्या, कारण परक्या पुरुषासमोर बायका हसायच्या नाहीत. हे त्यांनीच मला तेव्हा सांगितलं.

कापडातून आवाज आला, "जाकिटाचा बटन चुकीच्या काजात घातलंस. एक बाजू वर इली."

साहेबांनी खाली बघितलं. खरंच! सकाळपासून ते तसेच फिरत होते. आम्ही सगळे त्यांच्याशी बोललो होतो, मी तर भांडले होते. कुणाला दिसलं नव्हतं.

काकी बाहेर आल्या. "सुलट्यात माणूस तोंडच बघता. उलट्यात चूक गावता. फोटो बिघडाच्या आधी गावाक होयी मां?" चूक आधीच सापडायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

साहेबांनी बटणं सोडवून परत लावली. मग सुतारालाच म्हणाले, "प्लग काढ. आणि एक पाटी ठोकून दे, भिंतीवर हं! लिही, चित्र उलटंच दिसतं."

उद्घाटनाला पाहुण्यांनी त्या एका कॅमेऱ्यापाशी रांग लावली. समोरच्या खुर्चीत काकींना बसवलं होतं. शेवटी मीही कापडात शिरले. गेली दोन वर्षं काकी माझ्या दुकानात येतायत. चहा पितात, गप्पा मारतात. पण काचेवर त्या उलट्या दिसल्या आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, त्यांच्या चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली आहे. स्क्रू पडलेला. मी दिवसभर असलेच स्क्रू बसवते. लाज वाटली मला.

पर्समधून बारका स्क्रूड्रायव्हर आणि तसलाच एक स्क्रू काढला. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यासाठी आधी दिसावं लागतं.