डावीकडची हलकी बटणं

तेजश्री कर्णिक खालापूरला आसावरी वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जमिनीच्या दाव्यांतले लांबलचक जबाब, मराठीतलं सगळं तिच्याच हाताखालून जायचं. दिवसभर बडवूनही काम उरायचंच. ते ती पेन ड्राइव्हवर घेऊन कर्जतला, दहिवलीतल्या घरी आणायची. नवरा मिहीर नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायचा. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, सुनीतीबाई. मूल नव्हतं. त्याबद्दल बोलून झालं होतं, रडूनही झालं होतं, आणि आता तिघं आपापल्या कामाला लागली होती.

रविवारी दुपारी जेवणं उरकून सुनीतीबाई आडव्या झाल्या की नवरा-बायको कॉम्प्युटरसमोर खुर्च्या जोडून बसायची. खेळ गाड्यांच्या शर्यतीचा, कुणीतरी कधीतरी दिलेला, जुनाट. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वरचा मिहीरचा, खालचा तेजश्रीचा. कीबोर्ड मात्र दोघांत एकच. डावीकडची चार बटणं मिहीरची, उजवीकडचे बाण तेजश्रीचे. खांद्याला खांदा लागायचा, कोपराला कोपर, आणि हरणारा जिंकणाऱ्याला मुद्दाम ढोसायचा.

अडचण त्या कीबोर्डची होती. रबराच्या बटणांचा, स्वस्तातला. तीन बटणं एकदम दाबली की त्यातलं एक तो गिळून टाकायचा. ऐन वळणावर तेजश्रीचा बाण लागायचाच नाही आणि गाडी सरळ जाऊन कठड्यावर आपटायची.

"चीटिंग!" ती ओरडायची.

"मी काय केलं? कीबोर्डला विचार."

टायपिंगलाही त्याचा जाच होताच. बटणं रुतायची, संध्याकाळपर्यंत बोटांची पेरं दुखायची. शेवटी मिहीरनेच ठरवलं, चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा. म्हणजे असा, की ज्याच्या प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. पण खिशाला झेपणारा. पुढचे काही दिवस जेवताना दोघांचं दुसरं बोलणंच नव्हतं. सुनीतीबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात स्थळसुद्धा इतकं पारखून घेतलं नव्हतं."

कर्जत स्टेशनजवळ ओमकारचं दुकान आहे. ओमकार मूळचा कळंबचा, घरची भातशेती. पण त्याचा जीव कॉम्प्युटरमध्ये. त्याने काउंटरवर चार-पाच कीबोर्ड मांडले.

"ह्यो निळ्या स्विचचा," तो म्हणाला. "टाईप करायला लय मजा येते. पन आवाज हाय. घरात कोनाला झोप नाय लागनार."

तेजश्रीने दोन ओळी टाईप केल्या. पत्र्यावर चिंचोके ओतावेत तसा आवाज झाला. ती हसली आणि तिने तो बाजूला सारला. दुसरा लाल स्विचचा होता. गेम खेळणारी पोरं हाच नेतात, असं ओमकार म्हणाला. पण तो इतका हलका, की बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर उमटायचं. तिसरा तपकिरी. बटण अर्ध्यावर गेलं की बोटाला किंचित उंचवटा लागायचा, अक्षर लागलं हे न बघता कळायचं, आणि आवाजही बेताचा. तेजश्रीची बोटं त्याच्यावर रेंगाळली.

"हा," ती म्हणाली.

त्यातही छोटा कीबोर्ड स्वस्त मिळत होता. पण त्याला बाण नव्हते. "मग माझी गाडी कोण चालवणार?" तिने विचारलं. शिवाय दाव्यांतल्या जमिनींचे गट नंबर टाकायला उजवीकडचे आकडेही हवेच होते. तेव्हा मोठाच घ्यायचा ठरला, वायरचा. बिनवायरचे महाग होते. शेवटी दोनच उरले, दिसायला अगदी सारखे. फरक इतकाच, की एकाचे स्विच उपसून काढता यायचे, दुसऱ्याचे पक्के डकवलेले. उपसायचा थोडा महाग.

"काढून करायचंय काय? साधाच घेऊ," तेजश्री म्हणाली.

एरवी मिहीर भाजीसुद्धा तीन गाड्या फिरून घेणारा. पण त्या दिवशी तो अडून बसला. "एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही. हाच घेऊ."

ओमकारने तेवढ्यात कीबोर्डाचे दिवे लावून दाखवले. बटणांखालून निळे, जांभळे, हिरवे रंग सरकायला लागले आणि तेजश्री त्यातच रमली.

घरी आल्यावर तिने बटणांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावले. मिहीर शेजारी बसून बघत होता. त्याच्या चार बटणांवर आलं ते असं: एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा आणि पाय मोडायची खूण.

"हे बरंय," तो म्हणाला. "सगळी अक्षरं तुझ्याकडे, आणि मला नुसत्या मात्रा."

पहिल्याच रविवारी दोघं मनसोक्त खेळली. कितीही बटणं एकदम दाबा, एकही हुकत नव्हतं. तेजश्री सलग जिंकली आणि मिहीरने तिला इतकं ढोसलं की ती खुर्चीवरून पडता पडता वाचली. आवाजाने सुनीतीबाई उठून आल्या आणि दारातच हसत उभ्या राहिल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी मिहीरच्या हातून वर्गात खडू पडला. मुलं हसली. त्याने उचलला, तो पुन्हा पडला. घरी आल्यावर उजव्या हाताने शर्टाचं बटण निघेना. मग पनवेल झालं, मुंबई झाली, सुया टोचून स्नायूंच्या तपासण्या झाल्या. निदान झालं: मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोपच हळूहळू बंद पडत जातो. औषध आहे, पण ते रोग थांबवत नाही. डॉक्टर भले होते, त्यांनी घाई केली नाही. तेजश्रीने विचारायचं ते सगळं विचारलं, आणि परतीच्या वाटेवर त्यातलं तिला काहीही आठवेना.

उजवा हात आधी गेला. मिहीरने क्लास बंद केले. तरी रविवार चुकला नाही. त्याची चार बटणं डावीकडची होती आणि डावा हात अजून शाबूत होता. उजवा मांडीवर ठेवून तो डाव्याने गाडी हाकायचा, आणि तेजश्रीला हरवायचासुद्धा.

मग एका रविवारी त्याची गाडी वळणावर सरळ गेली.

"मुद्दाम करतोयस ना?" तेजश्री हसत म्हणाली.

मिहीर हसला नाही. "दाबलं मी. लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी खालापूरहून परतताना ती तडक ओमकारकडे गेली. "सगळ्यात हलके स्विच कुठले मिळतात?"

"ताई, तुमीच तर म्हनालात हलके नकोत."

"माझ्यासाठी नकोत." तिने मिहीरच्या हातांचं सांगितलं. ओमकारने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. स्विच मागवून आठवड्याच्या आत तो स्वतः घरी आला. चिमट्याने डावीकडचे तपकिरी स्विच एकेक उपसले, त्यांच्या जागी हलके बसवले. काढलेले डबीत घालून तेजश्रीच्या हातात दिले आणि चहाला न थांबता गेला.

तो गेल्यावर तेजश्रीने मिहीरकडे पाहिलं. "म्हणून हा घेतलास? दुकानातच तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं गं. खडू त्याआधी एकदा सुटला होता हातातून. भीती वाटत होती, एवढंच."

"मग मला का नाही बोललास?"

"तू दिवे बघत होतीस," मिहीर म्हणाला. "किती खूश होतीस."

ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि तिथेच बसून राहिली.

कीबोर्ड आता दोन तऱ्हांचा झाला. उजवीकडचा अर्धा पूर्वीचा, घट्ट. डावीकडची बटणं पिसासारखी. तेजश्री घरी टाईप करायची तेव्हा तिच्या बोटांना हा फरक पेलायचा नाही. डाव्या हाताचा नुसता स्पर्श झाला की मात्रा उमटायची, एकावर एक दोन-दोन. 'केले' लिहावं तर शब्दाच्या डोक्यावर मात्रांची गर्दी. एकदा ऑफिसात आसावरीबाई वैतागल्या, "तेजश्री, अगं मात्रा किती देतेस! कोर्टात हसतील आपल्याला." तेजश्रीने कारण सांगितलं. त्यानंतर बाई जास्तीच्या मात्रा आपल्याच पेनाने खोडायच्या, बोलायच्या नाहीत.

पुढे मिहीरला हात उचलून ठेवणंही जमेना. मग ते काम सुनीतीबाईंनी घेतलं. रविवारी त्या आता आडव्या व्हायच्या नाहीत. लेकाचा हात उचलून कीबोर्डवर ठेवायच्या, बोटं चार बटणांवर नीट बसवायच्या, आणि मागे स्टुलावर बसून ओरडायच्या, "वळव, वळव! झाडावर जाशील!" मिहीर हसायचा. हसताना त्याला ठसका लागायचा, मग खेळ थांबवून पाठ चोळायची.

तेजश्री पुन्हा ओमकारकडे गेली. त्याने यादी वर-खाली केली, एक-दोन फोन केले. मग मान हलवली.

"याच्या खाली काय नाय येत, ताई. सगळ्यात हलके तेच हायेत."

त्या रविवारी ती वळणांवर गाडी हळू करायला लागली. उगाच कठड्याला घासायची, मिहीरला पुढे जाऊ द्यायची. दोन शर्यती तो तसाच जिंकला. तिसरीत त्याने बोट बटणावरून घसरू दिलं.

"बंद कर," तो म्हणाला. आवाज आता ओढल्यासारखा यायचा, पण राग स्पष्ट कळत होता. "सगळे मला जपतात. आई जपते, डॉक्टर जपतात, ओमकारसुद्धा चहाला थांबत नाही. तू तरी मला हरव."

तेजश्रीने त्याला हरवलं. तीन वेळा, जोरात, एकही वळण न सोडता. खेळताना तिला पडदा धूसर दिसत होता, तरी तिने बाणावरचं बोट उचललं नाही. शर्यत संपल्यावर मिहीर तिला ढोसू शकत नव्हता. तेव्हा तिनेच आपला खांदा त्याच्या खांद्याला टेकवला आणि तशीच बसून राहिली.

थंडी सरता सरता मिहीर गेला. श्वासाचेच स्नायू थकले. सकाळी सुनीतीबाई त्याचं तोंड पुसत होत्या, तेजश्री कामावर निघायला केस विंचरत होती. त्याने तेजश्रीकडे पाहिलं, आणि ती फणी टाकून जवळ येईपर्यंत संपलं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे परतले. तेजश्री खालापूरला जाऊ लागली. ऑफिसातल्या साध्या कीबोर्डवर तिचे हात चालायचे. घरच्या कीबोर्डवर तिने टॉवेल टाकून ठेवला होता. पण मार्चअखेरीला कामं तुंबली आणि आसावरीबाईंनी मोठ्या संकोचाने एक जबाब घरी नेशील का विचारलं. ती नाही म्हणाली नाही.

घरी येऊन तिने टॉवेल काढला आणि लिहायला बसली. मात्रांवर मात्रा पडत गेल्या. ती खोडायची, लिहायची, पुन्हा खोडायची. सुनीतीबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या.

"ती बटणं बदल गं," त्या म्हणाल्या.

"राहू देत, आई. सवय होईल."

"माझ्यासाठी ठेवत असशील तर ठेवू नकोस." सुनीतीबाईंनी भाजीवरून मान वर केली नाही. "रोज त्याची बोटं बसवायचे मी तिथे. मला ती बटणं बघवत नाहीत."

तेजश्रीला हे कधी सुचलंच नव्हतं. या घरात आपण एकट्याच त्या चार बटणांपाशी अडकलोय, असं ती धरून चालली होती. तिने ओमकारला बोलावलं नाही. कपाटातून डबी काढली, चिमटा घेतला आणि हलके स्विच एकेक उपसले. दोन मात्रांचा, काना-मात्रेचा, एका मात्रेचा, पाय मोडायचा, मग आजूबाजूचे. तपकिरी स्विच दाबले की टक् करून बसत होते. झाल्यावर तिने 'केले' हा शब्द टाईप केला. शब्द सरळ उमटला, एकही मात्रा जास्त नव्हती, आणि ते बघून तिला रडू फुटलं. सुनीतीबाई भाजीचं ताट सारून उठल्या. येऊन त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि मग त्याही रडल्या, मिहीर गेल्यावर पहिल्यांदा मोठ्याने.

रविवारी जेवणं झाली. सुनीतीबाई आत जाऊन पडल्या. तेजश्रीने कॉम्प्युटर लावला आणि खेळ उघडला. एकट्याने खेळायची सोय त्यात होती. तिने दोघांची निवडली.

पडद्याचे दोन भाग झाले. वर मिहीरची निळी गाडी रेषेवर उभी, खाली तिची लाल. हिरवा दिवा लागला. लाल गाडी निघाली, निळी तिथेच राहिली. वळणं, पूल, बोगदा करत तेजश्री एक फेरी पुरी करून रेषेपाशी आली तेव्हा वरच्या भागात तिला आपलीच गाडी दिसली. निळ्या गाडीला ओलांडून ती पुढे गेली, रस्त्यावर लहान लहान होत वळणाआड दिसेनाशी झाली. इतकी वर्षं खेळताना तिने वरच्या भागाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मिहीरला आपण अशा दिसायचो, तिच्या मनात आलं. पाठमोऱ्या, पुढे जाताना.

फेऱ्या संपल्या. खालच्या भागात तिचा पहिला नंबर झळकला. वरच्या भागात निळी गाडी इंजिन घुरघुरत उभीच होती, आणि ती पोचल्याशिवाय खेळ काही संपत नव्हता. तेजश्री बराच वेळ तशीच बसली. मग आतून सुनीतीबाईंच्या उठण्याची चाहूल लागली, तेव्हा तिने कॉम्प्युटर बंद केला आणि ती चहा टाकायला गेली.