आधी सांगायचं, मग गप्प बसायचं

वॉर्डात तिला सगळे 'सायलेंट' म्हणत, आणि त्यात टिंगलीपेक्षा कौतुकच जास्त होतं. रुग्णाला उशी टोचतेय हे त्याला कळायच्या आत ती सरळ झालेली असे. अंगाखालची चादर बदलली तरी झोप मोडत नसे. हात असे चालणारे, पण तोंडाला कुलूप. "आमची सून कधी उलटून बोलत नाही," असं सासूबाई शेजारणींना ऐटीत सांगत. सुलटही बोलत नाही, हे मात्र सांगत नसत.

नर्सिंगचं शिक्षण तिने लग्नाआधीच पुरं केलं होतं. पुढे मुलांच्या मागे नोंदणी नव्याने करायची राहिली ती राहिलीच. आता नर्सचा परवाना हवा तर परीक्षा पुन्हा द्यायची, तोवर वॉर्डात मदतनीस. लेखी परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात मारली. प्रात्यक्षिकात मात्र दोनदा आपटली आणि दोन्ही वेळा शेरा एकच: 'रुग्णाशी संवाद नाही.' तिसरी संधी शेवटची. ती हुकली की अख्खा अभ्यासक्रम पहिल्यापासून, तोही मुलीच्या वयाच्या पोरींना चिकटून बाकावर बसून.

"काम तर सगळं बरोबर केलं होतं मी," ती नवऱ्याला म्हणाली. "परीक्षक समोर उभा राहून बघतोय. वर आणखी तोंडाने काय सांगायचं? त्याला डोळे नाहीत?"

नवऱ्याचं सलून होतं आणि गिऱ्हाइकं त्याला 'रेडिओ' म्हणत. बोलण्याचा विषय निघाल्यावर तो मागे राहतो कसला! "दुकान बंद करायच्या वेळेला ये," तो म्हणाला. "मी पेशंट होतो."

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो स्वतःच्याच खुर्चीत आडवा झाला आणि आजारी दिसावं म्हणून तोंडावर टॉवेल टाकून घेतला. तिने नेहमीसारखी गुपचूप त्याची बाही वर सारली आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला. नवरा ताडकन उठून बसला.

"अगं, मेलो ना मी! दंड काय धरतेस?"

"अहो, बीपी बघत होते."

"मला कुठं माहीत?" त्याने तोंडावरून घसरलेला टॉवेल खांद्यावर टाकला. "हे बघ, माझं गिऱ्हाईक डोळे मिटून पडलेलं असतं. माझ्या हातात वस्तरा. म्हणून मी सांगत राहतो, आता मान डावीकडे, आता पाणी गार लागेल. नाहीतर ते दचकेल आणि कान माझ्या हातात येईल."

"मला वाटायचं, तुम्हाला खोड आहे."

"खोड पण आहे."

आपल्या हाताखाली झोप न मोडणारी ती माणसं खरंच झोपलेली असायची, की नुसते डोळे घट्ट मिटून पडायची, हा विचार तिच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

मग रोज सराव. आपण कोण, काय करणार, कशासाठी, चालेल ना, हे सगळं ती अडखळत का होईना, बोलू लागली. अडचण उभी राहिली ती पेशंटची. माप घेताना दोघांनीही गप्प राहायचं असतं, कारण बोललं की आकडा चढतो. आणि पट्टा फुगला रे फुगला की रेडिओ सुरू: "काल ना, एक गिऱ्हाईक…" ती हवा सोडायची, त्याला समजवायची, मिनिटभर थांबून पुन्हा मोजायची. ती बोलायला शिकत होती आणि तो गप्प बसायला. त्याची प्रगती बेताचीच होती.

परीक्षेला रुग्ण म्हणून एक निवृत्त गृहस्थ बसवले होते. तिने हात धुतले, स्वतःची ओळख करून दिली, परवानगी विचारली. "पाठ टेकून बसा काका, पायावर पाय नको. पट्टा जरा आवळेल, दुखलं तर सांगा." आवाज कापत होता, पण निघत होता. तिने पट्टा फुगवला आणि काका खुलले.

"सिस्टर, आमच्या जावयाचंही बीपी अस्संच…"

परीक्षकाचं पेन थबकलं. संवाद नाही म्हणून दोनदा आपटलेली ती, आणि आता रुग्ण आपणहून बोलतोय तर त्याचं तोंड बंद करायचं?

तिने हवा सोडली.

"काका, जावयांचं मला ऐकायचंय. पण बोललं की आकडा चढतो, आणि तो चुकीचा आकडा तुमच्या कागदावर जाईल. जरा थांबून पुन्हा मोजते. तोवर तुम्हीही गप्प, मीही गप्प."

आणि गप्प बसण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माप झालं, तिने आकडा सांगितला, पट्टा सोडला आणि विचारलं, "हं, जावयांचं काय म्हणत होतात?"

निकाल लागला तेव्हा नवरा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. ती दारातून आत आली आणि मोठ्याने म्हणाली, "पास झाले!"

रेडिओ एकदम बंद. गळ्याशी फिरणारा वस्तराही थांबला. खुर्चीत फेस माखून, डोळे मिटून पडलेलं गिऱ्हाईक घाबरलं. "अहो, काय झालं? कुणीतरी बोला की!"

मग तीच पुढे झाली.

"काही नाही काका," ती म्हणाली. "ते जरा डोळे पुसतायत. वस्तरा मी त्यांच्या हातातून काढून घेतेय. तुम्ही फक्त हलू नका."