हाय म्हणजे अठरा

पहिला घाव दारावर नाही, चौकटीवर बसला. आत येताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, आमची मेझुझा लावलेली होती. बोटाएवढी लाकडी नळी, आणि तिच्यात चामड्याच्या पातळ पट्टीवर हाताने लिहिलेली वचनं. टँकरचा व्हॉल्व्ह फिरवायचा जो लोखंडी पाना असतो, तो समोरच्या फ्लॅटमधल्याने तिच्यावर मारला. नळी उभी चिरली. दुसऱ्या घावाला ती चौकटीची ढलपी घेऊन खाली पडली. तिसरा घाव दारावर आला आणि आतली कडी स्क्रूसकट उखडली.

रविवारची सकाळ होती. मी ओट्यापाशी कांदा चिरत होतो, बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि काका पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. समोरचा आणि त्याच्याबरोबरचे दोघे आले होते ते यांना मारायला.

वसई पूर्वेला एका गाळ्यात स्टीलचे डबे बनतात. तिथे आत येणारा आणि बाहेर जाणारा माल मोजणं हे माझं काम. त्यामुळे पाहिलेलं एका बाजूला आणि ऐकलेलं दुसऱ्या बाजूला ठेवायची मला सवय आहे. इथेही तसंच ठेवतो.

आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. अलिबागकडे आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, आमचे तेलाचे घाणे बंद असायचे. घाणा माझ्या वडिलांनीही पाहिला नव्हता. शनिवार तेवढा राहिला. जूचंद्रच्या या इमारतीत असं आमचं एकच घर. लोक आम्हाला ख्रिश्चन समजून नाताळच्या शुभेच्छा देतात आणि आम्ही त्या घेतो.

काकांना कबालाचा नाद आहे. कबाला म्हणजे आमच्या धर्मातली गूढ विद्या. लोकांना ती जादूटोण्यासारखी वाटते. काकांच्या तोंडून ऐकली तर ती एका मोठ्या अपघाताची हकिगत आहे. जग होण्याआधी फक्त तो होता, ज्याला अंत नाही असा, आणि सगळी जागा त्यानेच भरलेली. मग जगाला जागा कुठली? म्हणून तो आधी मागे सरला. स्वतःला आकसून घेतलं त्याने.

"म्हणजे सुरुवात वजाबाकीने," मी एकदा म्हणालो होतो.

"वजाबाकीनेच. तुला पटेल असंच आहे ते."

त्या मोकळ्या जागेत दहा भांडी आणि त्यांत ओतलेला उजेड. वरची तीन टिकली, खालची सात फुटली. ठिकऱ्या खाली आल्या आणि प्रत्येक ठिकरीला उजेडाची एकेक ठिणगी चिकटून राहिली. आपण ज्याला जग म्हणतो ते म्हणजे हा ढीग. ठिकऱ्यांतून ठिणग्या सोडवायच्या, एवढंच माणसाचं काम.

"दहात सात फुटली तर आम्ही पूर्ण लॉट परत पाठवतो," मी म्हणालो.

"कुणाकडे पाठवशील?" काका म्हणाले. "आणि फुटली का ते विचारत नाहीस. प्रत्येक भांडं एकटं उभं होतं. शेजारच्याला द्यायचं नाही, त्याच्याकडून घ्यायचं नाही, सगळा उजेड मलाच. मग आणखी काय होणार?"

त्या दहांतलं एक हेसेद, म्हणजे दया. तो उजवा हात. एक गेवुरा, म्हणजे जरब. तो डावा. दोन्ही लागतात, पण उजव्याशिवाय डावा सुटला की तो कापतच जातो, असं ते म्हणत. मी डावखुरा. जेवताना मी डाव्या हाताने सुरी उचलली की ते आवर्जून ताट बाजूला घ्यायचे आणि माझी बायको हसायची.

या विद्येत प्रत्येक अक्षराला आकडा आहे. हेत आठ, योद दहा. दोन्ही मिळून जो शब्द होतो त्याचा अर्थ जिवंत, बेरीज अठरा, आणि काका तो वाचतात 'हाय'. लहान मूल दिसलं, आजारी माणूस दिसला, की हात वर करून ते म्हणणार, हाय. आशीर्वादच तो.

समोरच्या घरात टँकर चालवणारा मुलगा, त्याची विधवा आई आणि सून. सून अर्नाळ्याच्या कोळ्यांची. माहेरून आली की आमच्या घरी मासा द्यायची. आम्हाला खवलं आणि पर असलेलाच मासा चालतो हे तिला एकदाच सांगितलं होतं. कोलंबी, मुशी, चिंबोरी तिने कधी आमच्या दारात आणली नाही. तिला दिवस गेले तेव्हा काका रोज तिला बघून हात वर करायला लागले.

"आजोबा, मला बगून तुमी हाय का म्हंता?" तिने एकदा पॅसेजमध्ये विचारलं.

"हाय म्हणजे जीव. जिवंत."

"आमच्यात हाय म्हंजे आहे."

"म्हणजे कसं?"

"म्हंजे भाकर हाय, पानी हाय, मी हाय."

काका इतके खूश झाले की मला आतून हाक मारली. "ऐक, ऐक. हिच्याकडे 'आहे' आणि 'जिवंत' यांना एकच शब्द आहे."

समोरच्या दारातून सासू म्हणाली, "पानी पानी करू नकोस, पाणी म्हण. उद्या पोरही तसंच बोलेल."

"बोलंल तर खरं आधी," सून म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

शनिवारी आमच्याकडे टीव्ही लागत नाही, मोबाइल कपाटात असतात. म्हणून शनिवारी भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. त्या शनिवारी दुपारी आधी पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग धप्. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मग तिचा आवाज आला, शब्द नसलेला. मग पुन्हा धप्.

काका उठले. भिंतीला तळहात लावून मोठ्याने म्हणायला लागले, हाय. प्रत्येक धप्‌ला एक. हाय. हाय. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. बायको आणि मी बाहेर धावलो. तिने बेलवर ठेवलेलं बोट काढलंच नाही.

सासूने साखळी न काढता दार उघडलं. "मोरीत घसरली."

"मला बघू दे तिला."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"डॉक्टर नाही. पण तिला बाहेर आणल्याशिवाय इथून हलणार नाही," बायको म्हणाली आणि दाराच्या फटीत चप्पल घातलेला पाय अडकवून उभी राहिली. मी पायऱ्या उतरून रिक्षा आणली. तिला आणलं तेव्हा तिच्या गाऊनवर रक्त होतं आणि ते पॅसेजच्या फरशीवर लिफ्टपर्यंत ठिबकत गेलं.

हॉस्पिटलमध्ये काय झालं ते बायकोकडून ऐकलेलं आहे. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा सून त्याच्याकडे बघत म्हणाली, घसरले. नर्सने गाऊन वर केला तेव्हा तिच्या कुशीत बुटाच्या टोकाचा वळ होता. बाळ गेलं.

ती घरी परतली, आणि पुढच्या रविवारी पाना आला.

"ए म्हाताऱ्या, बाहेर ये," तो म्हणाला. दार आता एका बिजागरीवर लटकत होतं. "माझ्या बायकोला हाय लावतोस?"

मागून सासू. "माझ्या कानांनी ऐकलंय. रोज तिच्या पोटाकडे बघून हाय म्हणायचा. आणि त्या दिवशी तर भिंतीपलीकडून हाय हाय चाललेलं. तळतळाट लागला माझ्या नातवाला."

जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं येऊन उभी होती. कुणीतरी म्हणालं, "हाय लागते, खरं आहे." टँकरवाल्याबरोबर आलेल्या एकाने फुटलेली मेझुझा उचलली आणि आतली पट्टी उलगडली.

"करणी आहे बघ. उर्दूत."

"उर्दूला वर टिंबं असतात रे," दुसरा म्हणाला. "हे वेगळंच काहीतरी आहे."

"मग डबल करणी."

काका उठून पुढे आले आणि त्यांनी पट्टीसाठी उजवा हात लांब केला. पाना त्या हातावर बसला. मनगट मोडलं तो आवाज कोरडा, बारीक होता, शेवग्याची शेंग मोडावी तसा. काका खाली बसले. त्याने त्यांच्या बरगडीत लाथ घातली. त्यांचं डोकं खुर्चीच्या पायावर आपटलं आणि भुवईवरून रक्त आलं. तो दुसऱ्यांदा पाय मागे घेत होता. पाय कुठे, किती मागे आणि कसा घेतो ते मी पाहिलं, आणि भिंतीपलीकडे काय झालं असेल ते मला तेव्हा दिसलं.

खलबत्ता ओट्यावरच होता. पितळी बत्ता, दोन किलोचा. मी तो डाव्या हाताने उचलला. पहिला त्याच्या कोपरावर मारला. पाना पडला. दुसरा गळ्याखालच्या हाडावर. तो पॅसेजमध्ये मागे कोसळला आणि चपलांच्या रॅकला टेकून घसरत खाली बसला. बरोबरचे दोघे जिन्यात चार पायऱ्या उतरून थांबले. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला. बत्ता वर होता आणि खाली त्याचं कपाळ होतं. किती उंचीवरून किती जोर लागेल याचा अंदाज माझ्या हाताला आलेला होता. मला राग आला होता असं मी म्हणणार नाही. मला ते कपाळ फोडायचं होतं, आणि ते फुटेल याची खात्री होती.

"मागे सर," काका आतून म्हणाले.

कुणाला म्हणतात ते मला कळलं नाही.

"जागा कर. मागे सर म्हणतो ना."

बत्ता हातात तसाच ठेवून मी उठलो आणि आमच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेलो. त्यामुळे समोरचं दार आणि खाली बसलेला तो यांच्या मध्ये पॅसेज मोकळा झाला. तिथे सून येऊन उभी राहिली. एका हाताने पोट धरलेलं. मी तिथून हललो नसतो तर तिला बाहेर यायला वाट नव्हती.

"आजोबांनी हाय लावली नाय," ती जिन्यातल्या लोकांकडे बघून म्हणाली. "त्यांच्यात हाय म्हंजे जीव. आमच्यात हाय म्हंजे आहे. भिंतीच्या तिकडनं ते म्हनत व्हते हाय, हाय, नि इकडं हा लाथा घालीत व्हता. मी दोनी ऐकत व्हते." मग सासूकडे वळून, "आई, तुमी दारात उभ्या व्हत्या. मोरी सुकी व्हती."

सासूने तिची वेणी धरली आणि अशी ओढली की तिचं कपाळ लाइटच्या मीटरच्या पेटीवर आपटलं. बायको ओली चादर हातात घेऊन तशीच आली होती. तिने सासूच्या तोंडावर ती चादर टाकली आणि सुनेला खांद्याला धरून आमच्या घरात घेतलं. कडी उरली नव्हती म्हणून आम्ही सोफा दाराला लावला. बाहेरून त्याने एकदा धक्का दिला. मग वरच्या मजल्यावरचा एकजण, जो मघाशी हाय लागते म्हणाला होता, तो म्हणाला, "बस झालं आता, जा घरात."

पोलीस आले. चौकीत काकांच्या हाताला खपाट्या बांधलेल्या होत्या आणि हवालदार जबाब घेत होता.

"काका, तुम्ही नक्की काय म्हणालात?"

"हाय."

"म्हणजे शिवी का?"

"नाही. जिवंत असा अर्थ. त्याचा आकडा अठरा."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मटका खेळता का काका?"

शेजारच्या बाकावर सून बसली होती. कपाळाला टेंगूळ, ओठ फुटलेला. ती हसली, आणि ओठातून पुन्हा रक्त आलं. मग तिने पदर लावून धरला आणि आपला जबाब स्वतः सांगितला, लाथेसकट, नवऱ्याच्या नावासकट. तो दहा हातांवर उभा होता.

संध्याकाळी अर्नाळ्याहून तिचे दोन भाऊ टेम्पो घेऊन आले. नवरा चौकीतच होता, म्हणून त्यांनी त्याच्या घरातला टीव्ही फोडला, काचेचं कपाट फोडलं, आणि सासूवर हात उगारला तेव्हा हीच मध्ये पडली. "बास. माझं कपडं घ्या नि चला." काचा मी दुसऱ्या दिवशी पॅसेजमधून झाडल्या.

मेझुझाची पट्टी काकांनी भिंगाखाली तपासली. एका अक्षराला चीर गेली होती. सातशे तेरा अक्षरांतलं एक जरी मोडलं तरी ती पट्टी चौकटीला लावता येत नाही. ती कबरस्तानात पुरायची असते. मी ठाण्याच्या सिनेगॉगमधून नवी आणली आणि ढलपी निघालेल्या जागी लांबी भरून तीवर बसवली. काकांचं मनगट वाकडंच बसलं. आता ते डाव्या हाताने जेवतात. नवरा जामिनावर सुटला आहे. समोरच राहतो. लिफ्टपाशी आम्ही भेटतो तेव्हा तो माझ्या डाव्या हाताकडे बघतो आणि मी त्याच्या पायाकडे. खटला उभा आहे.

सून अर्नाळ्याला मासे विकायला बसते. शुक्रवारी दुपारी तिचा फोन येतो, काका तो स्पीकरवर ठेवतात. गिऱ्हाईक असलं तरी ती फोन कट करत नाही, मध्ये मध्ये मासा कापत राहते. कोयता लाकडावर पडतो आणि धप् असा आवाज येतो. काकांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळतो. पुन्हा धप्. त्यांचा श्वास थांबलेला असतो, आणि तिला ते तिकडे कसं कळतं कोण जाणे.

"आजोबा," ती म्हणते, "मासा हाय, मासा."