माशांच्या खात्यातला पूल

आमच्या कार्यालयात तिला सगळे ध्येयताई म्हणत. साहेबसुद्धा. प्रदेशाचा विकास आराखडा शाश्वत विकासाच्या ध्येयांशी जुळवणं हे तिचं काम. ध्येयं सतरा, जगाने ठरवलेली. आराखडा आमचा, म्हणजे मागच्या आराखड्यावरून उतरवलेला.

तिने भिंतीवर सतरा रंगांचे पट्टे लावले होते. प्रत्येक कामाची चिठ्ठी एका पट्ट्याखाली. एका कामाला एकच ध्येय, कारण संगणकात रकाना एकच होता. साहेबांच्या खोलीतला नवा एसी ‘हवामान कृती’खाली गेला. वाहनतळाचं छप्पर ‘विषमता कमी करणे’खाली, कारण आता सगळ्यांच्या गाड्या सारख्याच सावलीत उभ्या राहणार होत्या. बादरायण संबंध जोडण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी साहित्याचा पदवीधर. त्या संबंधांना भाषा पुरवायला मला घेतलं होतं. कल्पनाशक्ती म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

ताईचं स्वतःचं काम एकच होतं. तिच्या घरामागे ओढा, पलीकडे दवाखाना. लोक दगडांवरून जात. त्या दगडांवरून तिची आई घसरली, गुडघा गेला, आणि बाई घराबाहेर पडेनाशी झाली. ताईला तिथे एक पायपूल हवा होता. त्याची चिठ्ठी ‘पायाभूत सुविधां’खाली अगदी शेवटी होती. तो पट्टा जमिनीला टेकला होता, आणि कात्री नेहमी खालून लागायची.

“वर सरकव की,” मी म्हणालो.

“साहित्यिका, वर कोणाकोणाच्या चिठ्ठ्या आहेत ते वाच आधी.”

मी वाचलं. सगळी वरच्यांची कामं. चिठ्ठी होती तिथेच राहू दिली.

आराखडा पाठवायच्या आदल्या दिवशी साहेब भिंतीसमोर थबकले. “चौदावा पट्टा रिकामा कसा?”

“ते पाण्याखालच्या जिवांचं, साहेब. समुद्राचं. आपल्याकडे समुद्र नाही.”

“नाही म्हणून कसं चालेल? वर काय कळवायचं, समुद्र नाही म्हणून? गुण कापतात, ताई. काहीतरी घाला.”

साहेब गेले. ताईने जमिनीजवळची चिठ्ठी सोडवली आणि चौदाव्याखाली चिकटवली.

“लिही,” ती म्हणाली. “लोक पुलावरून गेले की पाण्यात पाय घालणार नाहीत. मासे निवांत राहतील.”

मी लिहिलं. बरं जमलं होतं.

तपासणीला वरून एक तज्ज्ञबाई आल्या. एसीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, त्याच्याखालीच बसल्या होत्या. पुलाशी मात्र थांबल्या.

“ओढ्यात मासे आहेत?”

“लोकांच्या पायांनी बिचकलेत,” ताई म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. समुद्र नसलेल्या प्रदेशाची ही जाणीव त्यांना हृद्य वाटली. सगळ्यात आधी मंजुरी मिळाली ती पुलाला. साहेबांनी ताईचं भर सभेत कौतुक केलं.

पूल झाला. लोक जाऊ-येऊ लागले. मग मूल्यमापन पथक आलं. चौदाव्या ध्येयात माणसं मोजायची सोय नव्हती. त्यांनी जाळं टाकलं. एक चप्पल आली. अहवालात पूल ‘अपयशी’ ठरला. पुढचा खर्च बंद, म्हणजे कठडा एकाच बाजूला राहिला. साहेबांना आपण कौतुक केल्याचं आठवेना. जबाबदार कोण, हे मात्र लगेच आठवलं. ताईची बढती गेली आणि तिची रवानगी झाली जुन्या आराखड्यांच्या खोलीत, जिथे खिडकी नाही आणि कामही नाही.

मी चिडलो होतो. तिला म्हणालो, “हे हात दाखवून अवलक्षण झालं.”

“संध्याकाळी घरी ये,” ती म्हणाली.

गेलो. ताईची आई कठड्याला धरून ओढा ओलांडत होती, हळूहळू. मध्येच थांबून पाण्याकडे बघत होती. आम्ही मागे.

“ही अक्कल तुमच्या हापिसातली का रे?” तिने मला विचारलं. “एका बाजूला कठडा करायचा, एका बाजूला नाही?”

“हो, आजी.”

“मग परतताना दुखऱ्या पायाच्या बाजूला मी काय धरू?”

ताई पुढे झाली आणि आईच्या उघड्या बाजूला जाऊन उभी राहिली. “मला धर,” म्हणाली. “आता मला लवकर सुटी होते.”