उंबऱ्यात बसलेली आत्या

आमच्या बाईंचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. मंगळवार पेठेत गवळी त्यांच्या दारात म्हैस उभी करून समोरच धार काढायचा, तरी बाई दुधात बोट बुडवून बघायच्या. गवळी वैतागून म्हणायचा, "बाई, आता म्हशीलाच इचारा की!" त्यावर त्या खरोखरच म्हशीकडे रोखून बघत.

कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवत, आणि भूकंपांच्या नोंदींचा त्यांना नाद होता. वर्गात टेबलावर त्या मूठभर ज्वारी फेकायच्या. दाणे कुठे दाट पडत, कुठे विरळ. आम्ही कारणं शोधू लागलो की म्हणायच्या, "कारण काही नाही. नुसते फेकले तरी पुंजके होतातच. पण भूकंप याहूनही दाट पडतात. एक झाला की आसपास, लवकरच, दुसरा व्हायची शक्यता वाढते. मग ती हळूहळू ओसरते." पुढे मी त्यांच्याच हाताखाली शिकवू लागलो, तरी माझी साधी बेरीज त्या पुन्हा करून बघत.

त्यांचा धाकटा भाऊ वारणेच्या खोऱ्यात शेती करायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नेमके त्याच सुमारास तिकडे बारीक धक्के सुरू झाले. हळदीला बाईंना मीच गाडीतून घेऊन गेलो. घर जुनं, दगडमातीच्या भिंतींचं. रिवाजाप्रमाणे हळद माजघरात, देवापुढं लागायची होती. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ उंबऱ्यात बसकण मारली. मानाची आत्याच दार अडवून बसल्यावर आत जायची कुणाची छाती?

"हळद मांडवात लावा," त्या म्हणाल्या.

भाऊ हात जोडत आला. "अक्का, बारकं बारकं धक्कं बसत्यात ते बरंच हाय की. जोर निघून जातोय."

"कशावरून? लहान धक्क्यानं मोठा टळत नसतो. उलट एकामागून दुसरा येतो. बहुतेक वेळा तो लहानच असतो. बहुतेक!"

हळद मांडवात लागली. घराला काहीही झालं नाही. व्याही मंडळींत मात्र कुजबुज झाली, की आत्यानं भरल्या घरात अभद्र बोलून अपशकून केला. भावाला मान खाली घालावी लागली. त्यानं बोलणं टाकलं ते टाकलंच.

मला बाईंचा राग आला होता. लग्नघरात कसला हा हट्ट! परतताना मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "काही झालं नाही, म्हणून होणारच नव्हतं असं कसं म्हणतोस? पन्नास बायका त्या भिंतीखाली बसणार होत्या." पुढे मात्र त्या आपल्या फोनवरच संशय घेऊ लागल्या. समोर बसवून मला त्यांचाच नंबर लावायला सांगत. वाजला की म्हणत, "वाजतोय की. मग त्याचा का येत नाही?" त्यांना भावाची फार आठवण येई. आपण होऊन फोन करणं मात्र त्यांना जमलं नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. भाऊ आला आणि त्यांच्या पायाशी बसून राहिला. मी शेजारी टेकलो, तेव्हा माझ्याकडे न बघताच बोलू लागला.

"बारका धक्का बसला की दर बारीला फोन हातात घ्यायचो, पावणं. मग वाटायचं, एवढ्याशासाठी काय करायचा? मोठा बसला की करू."