कसं, ते सांग

मेश्राम सिस्टर पहिल्याच दिवशी आम्हाला डोळे मिटायला लावत आणि टेबलावर स्टीलचा पेला ठेवत. "कसा ठेवला?" जेंटली, केअरलेसली की अँग्रिली, ते आवाजावरून ओळखायचं आणि मग आपण तसाच ठेवून दाखवायचा. "शब्द आधी हाताले येऊ द्या, मग जिभेले," असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी सकाळी त्यांच्या बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत आम्ही सात नर्सा पेले आपटत असू. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर आले आणि म्हणाले, "अहो, आपण इंग्रजी शिकवता की भांडी विकता?" सिस्टर आमच्याकडे वळल्या. "यायनं कसं विचारलं? सांगा इंग्रजीत." आम्ही एका सुरात "सार्कॅस्टिकली" म्हणालो. ते पुन्हा आले नाहीत.

सिस्टर मूळच्या नागपूरच्या. पुण्याच्या वॉर्डांत सगळी नोकरी झाली, पण बोली तिकडचीच राहिली. मी वाघोलीच्या एका छोट्या दवाखान्यात होते आणि मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीत दोनदा आपटले होते. पेशंटबद्दल काहीही विचारलं की माझं उत्तर एक तर ‘नाइसली’ नाही तर ‘बॅडली’. सिस्टर चिडायच्या. "श्वास चालू आहे थे तं मलेही दिसते. कसा चालू आहे, थे सांग. डॉक्टर फोनवर राहते. त्याले फक्त तुझा शब्द दिसते."

तिसऱ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांना श्वासाच्या त्रासामुळे घराजवळच्या दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला. स्वारगेटला बस बदलून दुपारी पोचले. मला पाहताच त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "हाऊ अ‍ॅम आय ब्रीदिंग?"

"इझिली," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी बाजूचा पेला उचलला आणि ताकद होती तेवढी लावून आपटला. तो अँग्रिली होता, डोळे उघडे असूनही चुकायची सोय नव्हती. मग मी त्यांच्या छातीकडे नीट बघितलं. "रॅपिडली," मी म्हणाले. त्या वाट बघत राहिल्या. "अँड शॅलोली." जलद आणि उथळ.

"आता डॉक्टरले हेच सांग."

सांगितलं. त्यांना लगेच आयसीयूत नेलं. मी मुलाखतीला गेले नाही. पुढचे चार दिवस त्या मास्क ओढून काढत आणि तिथल्या नर्सांच्या चुका काढत होत्या. पाचव्या दिवशी गेल्या, तेव्हाही हात मास्ककडेच होता. मला फार रडू आलं, आणि त्यांचा थोडा रागही आला.

हॉस्पिटलने मला दुसरी तारीख दिली. पॅनेलवरच्या बाईंनी आधी न येण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं. त्या हळुवारपणे म्हणाल्या, "शी वेंट पीसफुली, आय होप."

हो म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, एवढंच काम होतं. दोनदा नापास झालेल्या बाईने तेच करावं. पण मी तिथे होते, मी बघितलं होतं.

"नो, मॅडम," मी म्हणाले. "स्टबर्नली."

हट्टाने गेल्या त्या. नोकरी लागली. नसती लागली, तरी तो शब्द मी बदलला नसता.